नाखवांचे जावई आणि एसएक्स लॅपटॉप

“डबा नको, शेठ. लॅपटॉप घ्यायचा ठरलंय,” संजयराव म्हणाले. मी जोडून ठेवलेल्या मशीनकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

डबा म्हणजे माझा असेंबल केलेला कॉम्प्युटर. नव्वदच्या दशकाचा मधला काळ. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर माझं दुकान होतं. सुटे भाग आणायचे, जोडायचे, चालवून दाखवायचं आणि भावावरून भांडायचं, हा धंदा. कुणाच्या पैशावर उभा राहिलो नव्हतो, त्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नव्हती.

संजयराव म्हणजे ठाण्याच्या नाखवांचे थोरले जावई. नवं लग्न, बँकेत नोकरी. बँकेत नुकतेच कॉम्प्युटर आलेले, त्यामुळे घरात या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. नाखवा एका कंपनीचं स्टोअर सांभाळायचे, बायकोचा मासळीचा धंदा. त्यांच्या कंपनीची मशीन्स मी दुरुस्त करायचो, त्या ओळखीने आलेले. कॉम्प्युटर हवा होता त्यांच्या धाकट्या मुलीसाठी, स्मितासाठी. ती मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

“काय काय करायचंय त्याच्यावर?” मी तिलाच विचारलं.

“प्रोजेक्टची ड्रॉइंग्ज, रिपोर्ट.” मग आवाज उतरवून, “आणि थोडे गेम चालतील ना, काका? मोटारींच्या शर्यतीचा तरी?”

“ऐकतोय मी,” नाखवा म्हणाले. “शर्यतीचापण पेपर असतो वाटतं कॉलेजात.”

ड्रॉइंग्ज महत्त्वाची होती. मानपाड्याच्या इंडस्ट्रियल एरियात माझा एक टूलरूमवाला, म्हणजे कारखान्यांना साचे आणि डाय बनवून देणारा, गिऱ्हाईक होता. त्याला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करणारं माणूस हवं होतं. मी स्मिताचं नाव सुचवलं होतं. तो म्हणाला होता, “प्रोजेक्टची ड्रॉइंग्ज तिने स्वतः केलेली दाखवू दे, परीक्षा झाली की घेतो.” कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन कमी, नंबर लागायचा नाही. म्हणजे घरचं मशीन आलं तर ती नोकरी, नाहीतर नाही.

संजयरावांनी मुंबईत एक सेकंडहँड लॅपटॉप हेरून ठेवला होता. मी प्रोसेसर विचारला. म्हणाले, फोर-एटी-सिक्स एसएक्स.

इथे थोडं सांगावं लागेल. फोर-एटी-सिक्स प्रोसेसर मुख्यतः दोन प्रकारचे यायचे. डीएक्समध्ये आकडेमोड करणारा खास भाग असायचा, त्याला मॅथ कोप्रोसेसर म्हणत. एसएक्समध्ये तो नसे, नाहीतर बंद केलेला असे. पत्रं टाइप करायला काही फरक पडत नाही. पण ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक रेषेमागे गणित करतं. कोप्रोसेसर नसेल तर ते सुरूच व्हायचं नाही. शिवाय त्या लॅपटॉपचा पडदा स्वस्तातला. माउस जोरात हलवला की बाण गायब. शर्यतीतली मोटार तर धुरात शिरल्यासारखी दिसली असती.

एरवी मी तिथेच आवाज चढवला असता. तोंड उघडलंही होतं. नाखवांनी मला दंडाला धरून दुकानाबाहेर नेलं.

“शेठ, तुमचं खरं असेल. पण जावई आहेत ते. माझ्यादेखत त्यांना खोटं पाडू नका. मुलगी दिलीय त्यांच्या घरात.”

मी राग गिळला आणि डोकं चालवलं. आत जाऊन संजयरावांना एक फ्लॉपी दिली. “लॅपटॉप चांगला आहे. घ्यायच्या आधी एवढी लावून बघा. कोप्रोसेसर आहे की नाही ते सांगते. नसेल तर ड्रॉइंग होणार नाही.” हिशोब साधा होता. दोष त्यांचा त्यांना सापडेल, तेच नको म्हणतील, मान त्यांचा राहील आणि मशीन माझं खपेल.

पुढच्या रविवारी तिघं परत आले. संजयरावांच्या खांद्याला काळी बॅग.

“शेठ, तुमची फ्लॉपी एक नंबर,” बॅग टेबलावर ठेवत ते म्हणाले. “लावली आणि आलं, कोप्रोसेसर नाही. दुकानदाराला म्हटलं, आता बोल. भावात असा खाली आला, तुम्ही असतात तर टाळी दिली असतीत.”

“म्हणजे घेतलात?”

“घेतला. आणि बाबांकडून काही घेणार नाहीये. मेव्हणीला माझ्याकडून भेट.”

“ड्रॉइंगचं काय?”

“कोप्रोसेसर नंतर बसवू की. तुम्ही आहात ना.”

माझ्या डब्यासारख्या मशीनला तो बसवता यायचा. त्या लॅपटॉपमध्ये त्याला जागाच नव्हती. मी तसं सांगितलं, आवाज न चढवता. संजयरावांचा चेहरा उतरला. “दुकानदार तर म्हणाला, बसतो.”

“परत करा.”

“या भावात परत घेणार नाही, असं आधीच बोलून घेतलंय त्याने.”

शेवटी स्मिताने बॅग उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. “असू दे, भाऊजी. रिपोर्ट तर होईल. छान आहे.”

निघताना मी नाखवांना थांबवलं. “माझं मशीन पण घेऊन जा. हप्त्याने द्या, नाहीतर सावकाश द्या.”

“जावयाने प्रेमाने दिलेली वस्तू बाजूला सारून शेजारी तुमचा डबा मांडू? उद्या घरी आले तर कुठे बघतील ते?”

मी स्मिताला निरोप पाठवला, दुकानात येऊन ड्रॉइंग कर. काही दिवस आली. पण ठाण्याहून यायचं, इथे गिऱ्हाइकांची वर्दळ, मशीन मोकळं मिळेल तेव्हा बसायचं. हळूहळू यायची थांबली. ड्रॉइंग्ज तिच्या ग्रुपमधल्या मुलांनी केली, तिने सगळ्यांचा रिपोर्ट टाइप केला. टूलरूमवाल्याने दुसरा माणूस घेतला. स्मिता पुढे ठाण्यात एका ऑफिसात लागली, पत्रव्यवहार सांभाळायला. मेकॅनिकलशी तिचा संबंध तिथे संपला.

संजयरावांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. माणूस मनाचा मोठा होता, त्यामुळे तो राग धड काढताही आला नाही. आयुष्यभर आवाज चढवून धंदा केला. जिथे चढवायला हवा होता तिथे मी शहाणपणा केला.

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला दुसऱ्याच्या मशीनमधला दोष सांगणं बंद केलं. दोष हातात आला की माणूस भाव पाडतो, आणि एकदा भाव पाडला की त्याला वस्तू सोडवत नाही. त्या दुकानात संजयरावांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.