शेडगेसाहेबांचं नाक

शेडगेसाहेब पहिल्यांदा माझ्या दुकानात आले ते काही विकत घ्यायला नव्हे, वास घ्यायला. ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या खालीच माझं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. वर नवीनच राहायला आलेले, सफारी घातलेले हे गृहस्थ आत शिरले, नमस्कार नाही की चमत्कार नाही, फळीवरचं एक पाकीट उचललं आणि सरळ नाकाला लावलं. पाकीट भांगेच्या बियांचं होतं. हल्ली जिममधली पोरं दुधात घालून खातात. मी घाईघाईनं त्यावरचा परवान्याचा नंबर दाखवला. त्यांनी तो वाचला आणि पाकीट जागेवर ठेवलं.

"बी कायदेशीर, पान परवान्यावर, आन् फूल थेट तुरुंगात. एकाच झाडाला तीन कायदे हायती, दुकानदार. तुमी नुसतं बी इकताय तवर आपली दोस्ती."

साहेब मूळचे साताऱ्याकडचे, दारू-गांजा पकडणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी नाक काही निवृत्त झालं नाही. दुधाची पिशवी, कुरियरचं खोकं, सगळं आधी हुंगायचे. सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा आधी नाकाला आणि मग कपाळाला. "माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो. नाक न्हाय बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एका होळीला सोसायटीच्या पोरांनी थंडाई केली. साहेबांनी पातेल्यावर वाकून एकदाच श्वास घेतला आणि पातेलं उचलून गटारात ओतलं. सेक्रेटरी कळवळून म्हणाले, "अहो साहेब, सणाचं आहे, देवाचा प्रसाद आहे!" साहेब म्हणाले, "देवानं परवाना काढलाय का?"

त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोनं, विमलकाकूंनी, घरोघरी मसाला दूध पाठवून सगळ्यांची समजूत घातली. साहेबांनी उभी केलेली भांडणं मिटवणं हा काकूंचा संसारातला निम्मा उद्योग होता. "लग्नात ह्यांच्या नाकाला हळद लावली, तवा काय म्हाईत त्येच माजी सवत निघंल म्हनून!" असं म्हणून त्या स्वतःच खळखळून हसायच्या.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की साहेब माझ्या स्टुलावर बसून नोकरीतल्या गोष्टी सांगत. एक गोष्ट त्यांच्या फार आवडीची. कुठल्याशा छाप्यात एका बड्या माणसाचा पुतण्या सापडला. त्याच्या खिशातली पुडी टेबलावर आली, आणि पाठोपाठ वरिष्ठांचा फोन आला, की मुलाला सोडा आणि पुडी त्याची त्याला देऊन टाका. साहेब म्हणाले, "टेबलावर आल्याली वस्तू परत खिशात जात न्हाय." बदली झाली, पण वाक्य खात्यात राहिलं. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून ते त्यांनी घोकून घेतलं. हे सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की सफारीचं बटण आता तुटतंय, असं मला वाटे.

मग काकूंच्या हाडांत कॅन्सर उतरला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गुंगी यायची, पण दुखणं थांबत नव्हतं. गुंगीतही त्या कण्हायच्या. कूस बदलायची झाली तर उशीचा कोपरा दातांत धरायच्या. हसरं माणूस असं गप्प झालेलं पाहवत नाही. माझ्या ओळखीच्या वैद्यांनी त्यांना तपासलं आणि विजयेचं तेल लिहून दिलं. विजया म्हणजे भांगच. पानांचा अर्क तेलात उतरवलेला असतो; वैद्याच्या चिठ्ठीवर, रोग्याच्या नावानं, परवाना असलेल्या कारखान्यातून रीतसर मिळतो. मी बाटली मागवली आणि सगळी कागदपत्रं जोडून वर त्यांच्या घरी घेऊन गेलो.

साहेबांनी चष्मा लावून कागद वाचले, पुन्हा वाचले. मग बाटलीचं झाकण फिरवलं, नाकाशी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"त्योच वास हाय."

"साहेब, कायदेशीर आहे. कागद तुमच्या हातात आहेत."

"कागद बरोबरच असत्याल. पन ह्या वासापायी म्या लोकास्नी आत टाकलंय, दुकानदार. त्यांच्या बायकापोरांची तोंडं न बघता टाकलंय. आता त्योच वास माज्या घरात आला, तर कायदेशीर झाला म्हनता?" कागदांची घडी घालत म्हणाले, "एकदा हापिसात इचारून येतो. त्यांनी व्हय म्हनलं की लगीच सुरू करू."

चार थेंब आत्ता देऊ, विचारायचं ते मग विचारा, असं मी परोपरीनं सांगितलं. ते ऐकेनात. आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "भावजी, जाऊ द्या त्यास्नी. इचारल्याबिगर त्यांच्या जिवाला चैन पडायचं न्हाय. अवं, या जाऊन. मी थांबते."

जुन्या ऑफिसात आता साहेबांच्याच हाताखाली तयार झालेला एक जण अधिकारी होता. त्यानं उठून पाया पडून चहा मागवला. साहेबांनी बाटली त्याच्या टेबलावर ठेवली आणि ही वस्तू कायदेशीर आहे, एवढं लेखी मागितलं. तो बिचारा चाट पडला. "साहेब, घरातच ठेवली असती तर कोण विचारणार होतं? आता लेखी मागताय, तर तपासणीला पाठवल्याशिवाय मी काय लिहिणार?"

"मंग ऱ्हाऊ दे. बाटली द्या परत."

तो बाटलीकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "साहेब, तुम्हीच शिकवलंय आम्हाला." त्यानं तपासणीपुरतं तेल वेगळ्या शिशीत काढलं, बाटलीला लाखेचं सील लावलं आणि साहेबांनी तो दाखवेल तिथे सही केली. हे मला साहेबांनीच सांगितलं, आणि सांगताना छाती फुगली नव्हती.

मी म्हटलं, दुसरी बाटली मागवतो. तर म्हणाले, "पयल्या बाटलीचा निकाल लागू द्या." मला त्यांचा असा संताप आला की स्टूल उचलून दुकानाबाहेर ठेवावं. पण वर गेलो की दिसायचं, हाच माणूस तव्यावर फडकं गरम करून काकूंची कंबर शेकत बसलेला असे. हात भाजलेले, फोड आलेले. सुरुवातीला काकू विचारायच्या, "आला का वं कागद?" साहेब म्हणायचे, "येतोय." पुढे त्यांनी विचारणं सोडलं. एका दुपारी शेक चालू असतानाच त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर कागद आला. सगळं नियमाप्रमाणे आहे, वस्तू परत न्यावी. साहेब बाटली घेऊन थेट दुकानात आले आणि माझ्या टेबलावर ठेवली. सील तसंच होतं.

"आता ह्येचं काय करायचं?"

मी म्हटलं, "साहेब, चिठ्ठी काकूंच्या नावाची. दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

"ठाव हाय," म्हणाले. मग बाटली टेबलावरून उचलून सफारीच्या खिशात घातली आणि निघून गेले.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंच्या फोटोपुढे उदबत्तीशेजारी ती बाटली आहे, सील अजून फोडलेलं नाही. साहेबांनी स्वतः चहा केला. पहिल्या घोटातच कळलं की दूध नासलेलं आहे. त्यांनी मात्र अर्धा कप संपवला होता. न राहवून मी विचारलं, "साहेब, वास आला नाही का?"

"आला की," ते म्हणाले. "नाक अजून बी खरंच बोलतंय. त्या दिशी बी खरंच बोललं." त्यांनी आतल्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं. "पन तिकडं ती कन्हत व्हती, दुकानदार. ह्ये कान काय खोटं बोलत व्हते?"