पहिला तुकडा जमादारचा

“तिला कशाला सांगायचं? ती बोलते का कुणाशी?”

औरंगपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर प्राजक्ताचं ऑफिस आहे. जिन्याच्या शेवटच्या वळणावर मी उभी होते आणि हा आवाज तिचाच होता. आत कुणीतरी हसलं. आधी वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल चाललं असेल. मग ती म्हणाली, “अगं ती पडेगावची गं. कुत्रं ठेवलंय ना तिच्याकडं.”

माझ्या हातात स्टीलचा डबा होता. तो पोटाशी धरून मी तिथेच थांबले.

आता मागचं सांगते. या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी खूप दिवसांपासून नुसती वाचतेय, कधी साधी कमेंटही केली नाही. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक अनुभव वाचून मनात कारण शोधायचे... पाइपमध्ये हवा असेल, ताप असेल, मांजर असेल. माझाही अनुभव दुसऱ्या कुणी लिहिला असता तर मी तेच केलं असतं. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी लिहायला वेळ लागतो, चुका असतील. पण इंग्लिशमध्ये लिहून बघितलं तर सगळं खोटंच वाटायला लागलं.

प्राजक्ता म्हणजे माझी एकुलती एक मैत्रीण. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात हजेरी चालू होती, माझं नाव आलं आणि माझ्या घशातून आवाजच निघेना. मागच्या बाकावरून ही म्हणाली, “आहे, सर, आहे. बोलत नाही फक्त.” सगळे हसले, मीही हसले. तेव्हापासून माझ्या वाट्याचं तीच बोलायची. कँटीनमध्ये माझा चहा ती सांगायची, रिक्षावाल्याशी ती भांडायची. मी वाक्य सुरू केलं की पुढचं ती पूर्ण करायची आणि बहुतेक वेळा बरोबर करायची.

तिच्या घरचे मूळ पिशोरचे. तिच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, सगळा जन्म मेंढ्यांमागे काढलेला. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते शहरात तिच्या घरी आले होते तेव्हा मी त्यांना भेटले. कुत्र्याशिवाय यायलाच तयार नव्हते, म्हणून तोही आलेला. मातकट रंगाचा, दांडगा, एक कान फाटलेला, गळ्यात काळ्या लोकरीचा दोरा. कळपाभोवती गस्त घालतो म्हणून नाव जमादार.

नाना भिंतीला टेकून खालीच जेवायला बसायचे. आधी भाकरीचा एक तुकडा मोडून जमादारच्या पुढ्यात ठेवायचे, मग त्याच्या दोन्ही कानांच्या मधे तळहात दाबायचे. तो तुकड्याला तोंड लावायचा नाही. नानांनी स्वतःचा घास तोंडात टाकला की मगच खायचा. मी बघत बसले होते, तर नाना म्हणाले, “काय बघती गं पोरी?” मी नुसती मान हलवली. प्राजक्ता लगेच, “नाना, ती बोलत नाही.” तर म्हणाले, “नको बोलू दे. मेंढ्या बी बोलत नाय. पर कोण उपाशी हाय ते कळतंय का नाय?”

त्या घरात माझ्या गप्प असण्याची चेष्टा न करणारे ते एकटेच.

या हिवाळ्यात प्राजक्ताचा फोन आला. “आठ दिवस जमादारला ठेव ना गं. आम्ही सगळे पुण्याला लग्नाला चाललोय. नाना गावाकडंच असतात आता, त्यांना तो झेपत नाय.” दुसऱ्या दिवशी ती टेम्पोतून त्याला घेऊन आली. “चहा नको, लई घाई आहे,” म्हणून गेटमधूनच निघाली.

तेव्हाच एक गोष्ट मला दिसली होती. जमादारने उडी मारली, पण आत आला नाही. टेम्पोच्या रिकाम्या हौद्याकडे तोंड करून थांबला – कुणीतरी म्हातारं माणूस सावकाश उतरत असावं, तसा. मग वळून शांतपणे आत आला. प्राजक्ताने त्या हौद्याकडे एकदा बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

आमचं घर पडेगावला, दौलताबाद रोडच्या आतल्या बाजूला. मागे मोकळे प्लॉट, दिवसभर ऊन. बाबा बदलीच्या गावी असतात, मी घरूनच काम करते, त्यामुळे घरात आई आणि मी. जमादार घराभोवती फेरी मारून यायचा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी, भिंतीजवळ बसायचा. खायचा मात्र नाही. दूध-पोळी नाही, बाजारातलं नाही. आई वैतागली. “लई नखरे हायेत याचे. रुखवत मांडू का समोर?”

तिने बाजरीची भाकरी करून टाकली, तर तो भाकरीकडे न बघता भिंतीकडे बघत बसला. बऱ्याच वेळाने त्याच्या कानांमधले केस चपटे झाले. म्हणजे... कुणी तळहात दाबल्यावर होतात तसे. मग तो खायला लागला. आणि घरात ओल्या घोंगडीचा वास आला. आमच्याकडे घोंगडी नाही.

मी आईला सांगितलं नाही. वारा असेल म्हटलं.

त्यानंतरची दुपार. मागच्या दाराशी उन्हाचा पट्टा येतो, तिथे भिंतीजवळ मी ताट ठेवलं आणि समोर बसून फोन बघत होते. जमादार उठून बसला म्हणून मी वर बघितलं. ताटातल्या भाकरीची कड वर उचलली गेली. अंगठा खाली घालून आपण मोडतो ना, अगदी तशी. कट् असा आवाज आला. तुकडा जमादारच्या पुढ्यात होता. उडून पडला नव्हता, कुणीतरी ठेवला होता. जमादार थांबला. मग भाकरीचा अजून एक तुकडा मोडला, लहान. तो मोडतानाच दिसला, नंतर नाही. ताटात नाही, फरशीवर नाही. तेवढ्यात जमादारने आपला तुकडा उचलला.

मी ओरडलेसुद्धा नाही. आईला स्वयंपाकघरात जाऊन हळूच सांगितलं.

“बाजरीची भाकरी वाळली की तडकते,” आई म्हणाली.

“आणि दुसरा तुकडा?”

“मुंग्यांनी नेला.”

दुसऱ्या दिवशी तिने एक भाकरी जास्त केली आणि ताटलीत घालून भिंतीजवळ ठेवली. “कुत्र्याचीच आहे,” म्हणाली, मी काही विचारलं नव्हतं तरी. भाकरीशेजारी लोणच्याची फोडही होती. कुत्र्याला कोण लोणचं देतं?

मला तर नानांशिवाय दुसरं कुणी सुचतच नव्हतं. म्हणून मी प्राजक्ताला फोन केला. आपणहून फोन करणं मला किती जड जातं ते तिला माहीत आहे. विचारलं, “नाना कसे आहेत?”

ती लगेच म्हणाली, “मस्त आहेत की. पिशोरला. तुझी लई आठवण काढतात.”

जीव भांड्यात पडला. नाना धडधाकट आहेत म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. आणि एक कबूल करते – कुणीतरी आपली आठवण काढतंय, याचा मला दिवसभर आनंद होत होता. मी तिला म्हटलं, आई नानांसाठी शेंगदाण्याची चटणी पाठवणार आहे. ती म्हणाली, “दे की.”

आठ दिवस कधीच उलटून गेले. मी मेसेज केला की ‘अजून थोडे दिवस गं’, नंतर मेसेज वाचल्याच्या नुसत्याच निळ्या टिक्स. शेवटी आईने चटणीचा डबा हातात दिला. “जा, दे जाऊन. आणि कुत्र्याचं काय ते तोंडानं विचारून ये.”

अशी मी त्या जिन्यात पोचले.

आत प्राजक्ताचं चालूच होतं. “मावशीनं चार दिवसांत परत आणून सोडला. म्हणे ताटातली भाकरी आपोआप मोडते. काकानं तर दुसऱ्याच दिवशी. नाना गेल्यापासून आमच्याकडं कुणी खाली बसून जेवलं नाय. वहिनीला दिवस गेलेत, आई म्हणाली, कुठं बी ठेव पण घरात नको.”

“आणि हिला? नाना गेल्याचं तरी सांगितलंस का?”

“येडी का काय तू? सांगितलं असतं तर ठेवला असता का? हिच्याकडं काही झालं तरी कुणाला कळणारे?”

नाना गेले होते. मला भीती वाटली नाही, खरंच नाही. मला तो फोन आठवला... ‘तुझी लई आठवण काढतात.’ मी तिच्यावर माझं बोलणं सोपवलं होतं, सगळी वर्षं. आणि तिने मला निवडलं ते मी बोलत नाही म्हणून. भ्याली असेल ती, घरच्यांनी मागे लागून छळलंही असेल. पण मला सांगितलं असतं तरी मी जमादारला ठेवलं असतं. ते तिला माहीत असायला हवं होतं.

पुढचं लिहिण्याआधी एवढंच – याचं कारण मला आजही माहीत नाही. भाकरी अजून मोडते. रोज नाही, पण मोडते. तुम्हाला मुंग्या वाटत असतील तर वाटू देत, मीही कधीकधी तेच म्हणते. जमादार आमच्याकडेच आहे, आणि आई आता खाली बसून जेवते, भिंतीपासून जरा जागा सोडून.

त्या दिवशी परत खाली उतरून जाणं सोपं होतं. मी वर गेले.

प्राजक्ता खुर्चीतून उठलीच. “अय्या! सांगून तरी यायचंस ना! जमादार कसाय?” शेजारची मुलगी एकदम कॉम्प्युटरमध्ये बघायला लागली. मी तोंड उघडलं, तर नेहमीसारखं प्राजक्ताने माझं वाक्य पूर्ण केलं. “नानांसाठी चटणी ना? काकू पण ना! दे, पाठवते उद्याच पिशोरला. लई खूश होतील बघ.”

आणि हसत हात पुढे केला.

मी डबा दिला नाही. आवाज माझाच होता, शेजारच्या टेबलापर्यंत गेला.

“राहू दे. नाना आमच्याकडंच जेवतात.”