बेचाळीस टनांची ट्रॉली

"मॅडम, काटा ट्रॅक्टर-ट्रॉलीचं वजन बेचाळीस हजार सातशे किलो दाखवतोय."

फोनवर भाऊसाहेब होते. एका कांदा मार्केटच्या भुईकाट्यावर ते ऑपरेटर आहेत.

"खरं किती असेल?"

"चार टनाच्या आसपास. मागं लय मोठी लाइन हाय. लोक विचारतायत, कांदे भरलेत का लोखंड."

त्यांना नवा डिस्प्ले काढून जुना लावायला सांगितलं. वजन आलं ४२७०. लाइन हलली. अडकले मी.

मी अंबडच्या एका छोट्या कंपनीत काट्यांच्या डिस्प्लेचा प्रोग्राम सांभाळते. प्रोग्राम सी भाषेत आहे. तो चिपला समजेल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर म्हणजे कंपायलर. मी फक्त कंपायलर नवा घेतला होता. त्यामुळे दोषी कोण, हे ठरलेलंच होतं: कंपायलर. त्यात त्याच दिवशी वीस नवे डिस्प्ले रवाना व्हायचे होते.

"कोड अकरा वर्षं चालतोय," आमचे टेक्निकल डायरेक्टर म्हणाले. "कंपायलरवाल्यांना कडक मेल टाक."

"आधी कोड बघते, सर. तोवर डिस्प्ले थांबवा."

"टेस्ट पास आहेत ते."

टेस्ट रिपोर्ट काढला. टेस्ट एकच होती: रिकामा काटा शून्य दाखवतो का? दाखवत होता.

कोडमध्ये शेवटी ही ओळ सापडली:

*p++ = *p + 48;

वजनाचे अंक ओळीने खोक्यांत ठेवलेत असं समजा. p हे खोक्यावर ठेवलेलं बोट. अंक उचल, डिस्प्लेसाठी त्यात ४८ मिळव, त्याच खोक्यात परत ठेव, बोट पुढे ने, असं लिहिणाऱ्याच्या मनात होतं. पण बोट अंक उचलण्याआधी सरकवायचं की नंतर, हे या ओळीतून ठरतच नाही. अशा ओळीचं काहीही झालं तरी सी भाषा जबाबदार नाही. याला अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात. जुना कंपायलर आधी अंक उचलायचा. नव्याने आधी बोट सरकवलं आणि पुढच्या खोक्यातला अंक उचलून मागच्या खोक्यात ठेवला. पाच खोक्यांतल्या ०४२७० चे, शेवटी पुढच्या रिकाम्या खोक्यातलं शून्य येऊन, झाले ४२७००. आणि शून्यं कितीही सरकवली तरी शून्यंच.

कंपायलर याची वॉर्निंग देतो. आमच्याकडे वॉर्निंग बंद करून ठेवल्या होत्या. क्लायंटसमोर स्क्रीनवर पिवळं बरं दिसत नाही म्हणून.

"कोणी लिहिलंय हे?" सरांनी विचारलं.

वर नाव होतंच. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

सरांनी स्वतःचं नाव वाचलं. "एका ओळीत बसवलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं होतं."

मला वाईट वाटलं. थोडंसंच. मी त्या ओळीच्या दोन ओळी केल्या: आधी बेरीज, मग बोट पुढे. चार मिनिटांचं काम. मग वॉर्निंग चालू केल्या. तीनशे बारा निघाल्या.

वीस डिस्प्ले आठवडाभर उशिरा गेले. रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात सरांनी लिहायला सांगितलं, 'कंपायलर बदलामुळे सुसंगततेची अडचण.' मी लिहिलं. वाक्य खोटं नव्हतं.

तेवढ्यावरून मी एक शिकले. चालणारा कोड आणि बरोबर असलेला कोड यांत फरक असतो, आणि तो समजावून सांगायचा असेल तर आधी लेखकाचं नाव बघून घ्यावं.