इनागाकींचा दीड सेकंद

जपानमधल्या करियाच्या त्या कारखान्यात भर दिवसाही काळोख असे. यंत्रांच्या हातांना उजेड लागत नाही, मग दिवे कशाला जाळायचे? हे डोकं हिबिनो तोकुएचंच. वाया जाणारं हुडकून काढणं हे तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं अख्ख्या करियात कुणी नव्हतं.

सोमवारी सकाळी ती बॅटरी घेऊन आत गेली, यंत्रांभोवतीच्या जाळीबाहेर खडूने गोल काढला आणि त्यात उभी राहिली. वाया जाणारं दिसेपर्यंत गोलाबाहेर पाऊल टाकायचं नाही, ही जुन्या कारागिरांची रीत. गाडीचा एक ब्रेक जुळायला साठ सेकंद लागत होते. शुक्रवारपर्यंत त्यातला दीड सेकंद कमी झाला नाही, तर सगळं काम थायलंडला जाणार होतं आणि देखभालीची अकरा माणसं घरी बसणार होती.

दुपारपर्यंत काहीच दिसेना. मग दिसलं, आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

भाग बसवून झाला की यंत्रांचे सातही हात एकदम थांबत. भाग धरणाऱ्या पकडीकडे वळत. दाराकडे वळत. मग हातांच्या टोकाच्या सातही चोची, किंचित कलत्या होऊन, अंधारातून तिच्यावर रोखल्या जात.

"कोण आहे?" तिच्या तोंडून निघून गेलं.

कुणी नव्हतं. हात पुन्हा कामाला लागले होते. मिनिटभराने परत तेच. पकड, दार, आणि ती.

ही लकब तिने ओळखली. बोट दाखवून 'योशी', म्हणजे 'ठीक आहे', म्हणायची सवय इथे सगळ्यांनाच. पण मान अशी कलती करून बोट दाखवायचे ते इथले जुने कारागीर इनागाकीच. पहिल्या यंत्राचं मनगट धरून त्याला काम शिकवलं त्यांनीच. बाकीच्या सहांत त्याचीच नक्कल उतरवली. इनागाकींना जाऊन दोन हिवाळे झाले होते. पकड ठीक, दार ठीक. पण तिसरं काय? इथे तर आता काहीच नव्हतं. पूर्वी मात्र इथे बावीस वर्षं तिचंच टेबल होतं, त्यांच्याकडे पाठ केलेलं.

दिवसातून चारशे वेळा तो माणूस आपल्याकडे बघून 'ठीक आहे' म्हणत होता, आणि आपण एकदाही मान वळवली नाही. तिला भयंकर वाईट वाटलं.

तेवढ्यात तरुण विभागप्रमुख मिझुतानी आला. "सापडलं का काही, हिबिनोसान? की गोलातच म्हातारं व्हायचा बेत आहे?"

"ते तर झालेच आहे मी. या, तुम्ही उभे राहा इथे."

तो हसत गोलात शिरला. सात चोची वळल्या. तो टुणकन बाहेर आला. "बाप रे! माझ्याकडे काय बघतायत हे?"

"तुमच्याकडे नाही बघत."

"मग कुणाकडे?"

तिने हातातलं सेकंद मोजायचं घड्याळ थांबवलं. "दीड सेकंद वाया जातोय," ती म्हणाली.

ते थांबणं गुरुवारी तिने यंत्रांच्या प्रोग्रॅममधून स्वतःच्या हाताने पुसलं. इंजिनियरला बोटही लावू दिलं नाही. शुक्रवारी साडेअठ्ठावन्न सेकंद भरले. अकराही जणांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी गोड सारणाचे वाफवलेले मांजू वाटले. ती एकटीच गोलात जाऊन उभी राहिली. भाग बसला, हात पुढे सरकले. तिच्याकडे एकही वळला नाही.

"छान झालं, हिबिनोसान!" मिझुतानी मागून म्हणाला. "आता पुढच्या महिन्यात आणखी एक सेकंद. निघेल ना?"

ती बघत होती. भाग उचलताना कुठलाच हात सरळ वर जात नव्हता. प्रत्येक हात खालून, डावीकडून, जपून वळसा घेत होता. इनागाकींचा उजवा खांदा कायम दुखायचा.

"निघेल," ती म्हणाली. "कुठे आहे ते ठाऊक आहे मला."