काकांच्या उत्पन्नातलं व्याज

“अभिनंदन. आता दोन रिटर्न,” असं म्हणत काकू नव्या जोडप्याचे आयकराचे कागद टेबलावर वेगवेगळे ठेवायच्या. नवऱ्याचे डावीकडे, बायकोचे उजवीकडे. भटजींनी मंत्र म्हणून मारलेली गाठ काकू चहा यायच्या आत सोडवून मोकळ्या व्हायच्या.

लग्नानंतर माझ्या नोकरीमुळे आम्ही जयपूरला आलो, खातीपुऱ्यात घर घेतलं आणि शेजारी या काकू निघाल्या. मूळच्या साताऱ्याच्या. काका सैन्यातून कर्नल म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या बदल्या जिथे जिथे झाल्या, तिथल्या छावणीत काकूंनी लोकांचे आयकराचे कागद करून दिले. लग्न केलं की कर कमी होतो, अशी माझी समजूत होती. तुमच्यापैकीही काहींची असेल.

“कमी नाही, जास्तही नाही,” काकू म्हणाल्या. “आयकर खात्याला तुम्ही अजून दोन वेगळी माणसं. आहेराला कर नाही. आहेराच्या व्याजाला आहे.”

मी शहाणपणा करून विचारलं, माझ्या बोनसची ठेव हिच्या नावावर केली तर? हिला तेव्हा नोकरी नव्हती.

“कर की. व्याज तुझ्याच उत्पन्नात धरणार. मतलब, बायकोला दिलंस तरी कर तूच भरायचा.”

बायको हसली. मी हसलो नाही.

काका आतल्या खोलीत असत. पक्षाघातानं वाचा गेली होती, आणि पुढे पुढे माणसंही ओळखेनात. काकू त्यांना भरवताना दिवसभरात कोण आलं, कोणाचं लग्न ठरलं, सगळं सांगायच्या. ते छताकडे बघत. ते बघवत नसे, पण काकूंचं बोलणं कधी थांबलं नाही.

निवृत्तीच्या पैशातून काकांनी काकूंच्या नावावर मोठी ठेव ठेवली होती. तिचं व्याज काकू दरवर्षी काकांच्या उत्पन्नात दाखवायच्या आणि त्यावर चांगला कर भरायच्या. काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर संगणकावरचं काम मी करू लागलो, तेव्हा न राहवून म्हणालो, “काकू, ठेव तुमच्या नावावर आहे. तुमच्या रिटर्नमध्ये दाखवली तर काही कर लागणार नाही. कोण विचारतंय?”

“नियम आहे,” त्या म्हणाल्या. मग कागद सारखे करत, “आणि विचारत कोणी नाहीच रे. या सगळ्या फॉर्मात आम्हाला एकत्र धरणारी एवढीच एक ओळ आहे. ते तर आता मला ओळखतही नाहीत. ती ओळ मी का सोडू?”

मी व्याज काकांच्या रिटर्नमध्ये भरलं.

काका थंडीत गेले. काकू आता साताऱ्याला मुलीकडे असतात. जाण्याआधी काकांचं शेवटचं रिटर्न आम्ही दोघांनी भरलं.

“नवरा-बायको असेपर्यंतचं व्याज त्यांचं,” गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात त्या म्हणाल्या. “पुढचं माझं. वेगळं कर.”

मी करू लागलो आणि अडलो. काका पहाटेच गेले होते. “त्या दिवसाचं व्याज तुमच्याकडे धरू ना?”

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं.

“नको,” त्या म्हणाल्या. “मुलगी येईपर्यंत, संध्याकाळपर्यंत घरातच होते ते. मी जवळ बसले होते. तो दिवस त्यांच्यातच धर.”