सतरा तास एका जागी

बंगळुरूत माणूस दोन वर्षं राहिला की त्याच्याकडे एअरपोर्टचे किस्से साठतातच. आमच्या मारतहळ्ळीच्या इडली-टेबलवर रविवारी सकाळी आम्ही चार मराठी टाळकी जमतो. आमच्याकडे तर नुसता ढीग आहे!

पुण्याहून माझा मामा येणार होता. फोनवर म्हणाला, "एअरपोर्ट तुझ्या घरापासून किती लांब?" मी म्हटलं, "दोन तास." "अरे, किलोमीटर विचारतोय मी!" टेबलवर विचारलं. मी इंजिनिअर, परांजपे इंजिनिअर, आणि दोघांनाही आकडा माहीत नाही! "पाऊस असला तर तीन तास," एवढं मात्र परांजपेनं ठामपणे सांगितलं.

परांजपेचं स्वतःचं तर त्याहून भारी. पुण्याहून विमानानं आला की उतरल्या उतरल्या बायकोला फोन करतो, "निम्म्यात आलोय गं, कुकर आत्ताच लावू नकोस."

पण खरी करमणूक म्हणजे आमचे अण्णा. मूळचे निपाणीचे, यशवंतपूरला वर्कशॉप चालवून आता रिटायर झालेले. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला, नात दोन महिन्यांची. त्यांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, बॅग कधीच भरलेली, आणि अण्णा अडून बसलेले. "सतरा तास एका जागी? अरे, मी स्वतःच्या लग्नात एवढा बसलो नव्हतो!" अक्का एकट्या जायला तयार नाहीत. रोज नातीचा फोटो बघायच्या आणि डोळे पुसायच्या. आम्हालाच फार वाईट वाटायचं.

त्यात अण्णांनी फोनवर विमानाचा रस्ता बघितला. वाकडा! भडकलेच. "ऑटोवाल्यासारखं फिरवून नेतात की रे!" परांजपेनं मुलीचा पृथ्वीगोल आणला, समोरच्या फुलवालीकडून दोरा मागितला आणि अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी बंगळुरूवर बोट ठेवून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणला, तर तो आपसूक त्याच रस्त्यानं गेला. तीनदा ताणून बघितला. मग म्हणाले, "सरी, पटलं. रस्ता बरोबर आहे. पण बसायचं कसं ते सांगा."

ते अक्कांनी सांगितलं. हॉलमध्ये खुर्च्या मागेपुढे मांडल्या, मधे अण्णा, कमरेला ओढणीचा पट्टा, मांडीवर ट्रेमध्ये उपमा. रिहर्सल! आम्ही सोफ्यावर बसून बघतोय. दीड तासात अण्णा पट्टा सोडून उठले. "बास झालं, मी उतरतो."

अक्का कडाडल्या, "अवो, उतरताय कुठं? खाली समुद्र आहे!"

अण्णांनी पट्टा परत बांधला. त्याच संध्याकाळी तिकिटं काढली.

गेले एकदाचे! पोचल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही टेबलवरूनच व्हिडिओ कॉल लावला. अण्णा सोफ्यावर ताठ बसलेले, मानसुद्धा हलवेनात. मागून अक्कांचा आवाज आला, "तीन तास झाले, पाणीही पीत नाहीत. अवो, उठा आता, दोन घास खाऊन घ्या!"

अण्णा कुजबुजले, "उठतोय कुठं? मांडीवर बाळ आहे!"