कुमुदमावशींची दुसरी पिढी

रस्त्यावरून गेलेली गाडी कुमुदमावशी न बघता ओळखायच्या. जर्मनीत, ब्राउनश्वाइगला त्यांच्या घरातल्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायला आलो, त्या पहिल्याच दुपारी त्या कणीक मळत होत्या. बाहेरून काहीतरी प्रचंड गुरगुरत गेलं. मावशींचे हात परातीत थांबले. "मस्टँग," त्या म्हणाल्या. "पहिली पिढी. अस्सल!" मी खिडकीशी धावलो, तर रस्ता रिकामा. खरं की खोटं, कळायला मार्ग नव्हता. मावशींच्या बाबतीत माझं पुढेही बहुतेक असंच होत राहिलं.

मी नगरचा, बॅटऱ्यांवर पीएचडी करायला आलेला. अमेरिकेत साठच्या दशकात लांब नाकाच्या, दांडग्या इंजिनाच्या, मस्टँगसारख्या 'मसल कार' निघाल्या आणि जर्मनीतही त्यांच्यावर जीव टाकणारी माणसं आहेत, हे मला मावशींकडूनच कळलं. त्या मूळच्या सांगलीच्या. नर्स म्हणून इकडे आल्या आणि डीटर नावाच्या मेकॅनिकशी लग्न केलं. डीटरकाका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागे राहिलं होतं गॅरेज, आणि मावशींची मतं.

ती मतं ऐकून माझा हमखास गोंधळ व्हायचा. एकदा चहा गाळता गाळता म्हणाल्या, "चौथी पिढी अगदीच गुळगुळीत निघाली रे. अंगाला धारच नाही. पाचवीनं मात्र आजोबांचं नाक परत आणलं!"

"अरे वा! मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

त्या इतक्या हसल्या की चहा ओट्यावर सांडला. मस्टँगचं प्रत्येक नवं मॉडेल म्हणजे एक 'पिढी', हे मला तेव्हा कळलं. त्यांचा मुलगा निखिल स्टुटगार्टला असतो. त्याला लगेच फोन लावून त्यांनी हा किस्सा मराठीत ऐकवला. तो जर्मनमध्ये काहीतरी म्हणाला आणि खो खो हसला.

सगळ्यात जास्त राग दुसऱ्या पिढीवर. "तेल महागलं आणि त्या कंपनीवाल्यांनी वाघाला उपाशी ठेवलं. वाघाचं पार मांजर झालं!" असं त्यांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकलं होतं. मग एका सकाळी त्यांनी मला गॅरेज उघडून दाखवलं. आत होती ती नेमकी दुसऱ्या पिढीची मस्टँग. पिवळी, आखूड, संकोचल्यासारखी उभी.

"मावशी, मग हीच का ठेवलीत?"

"आवडतं एक, आपलं असतं दुसरं. गेनाऊ! अगदी असंच असतं. लग्न झालं की कळेल तुला."

हे गाडीविषयी होतं की डीटरकाकांविषयी, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

अधूनमधून रविवारी गावाबाहेरच्या एका पार्किंगमध्ये या गाड्यांचे शौकीन जमायचे. मावशी पिवळी घेऊन जायच्या, शेजारी मी. तिथे राइनर नावाचे निवृत्त बसचालक हटकून भेटायचे. त्यांच्याकडे पहिल्या पिढीची काळी मस्टँग होती. मावशींच्या बॉनेटवर थाप मारून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "कुमुद, ही गाडी नाही. अमेरिकेनं मागितलेली माफी आहे!"

घरी तिला मांजर म्हणणाऱ्या मावशी इथे वाघिणीसारख्या तुटून पडायच्या. "पोट भरलेला वाघ कोणीही मिरवेल, राइनर! उपाशी दिवस काढलेलं जनावर सांभाळून दाखव." केक संपायचा, कॉफी गार व्हायची, भांडण चालूच. खरं मत कुठलं, घरचं की पार्किंगमधलं? मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गेल्या वर्षी मावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला. क्लच दाबता येईना. निखिलने त्यांना स्टुटगार्टला न्यायचं ठरवलं. त्याचं घर चढावर, तिसऱ्या मजल्यावर, आणि गॅरेज नाही. विकायला काढलेली गाडी बघायला एक तरुण जोडपं आलं. किती गोड, किती गोड म्हणत त्यांनी लग्नाच्या फोटोंसाठी ती लगेच मागितली. मावशींनी त्यांना कॉफी पाजली आणि नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या रविवारी आम्ही बसनेच पार्किंगमध्ये गेलो आणि त्यांनी पिवळीची किल्ली राइनरच्या हातावर ठेवली.

"हे काय?"

"तुझी गाडी."

"पण मला ही आवडत नाही!" राइनर अक्षरशः ओरडले. "सगळ्या गावाला माहीत आहे!"

"आल्झो, म्हणजे काय, मलाही माहीत आहे," मावशी म्हणाल्या आणि काठी टेकत बसस्टॉपकडे निघाल्या. राइनर माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांनाही काही कळलं नव्हतं.

बसमध्ये मी विचारलंच. "मावशी, त्या मुलांनी केवढं कौतुक केलं होतं तिचं!"

"कौतुक करणारे फोटो काढतात आणि विसरतात," त्या म्हणाल्या. "नावं ठेवणारा रोज बघतो." मग त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. डोळे पुसायला पदर नव्हता, म्हणून स्वेटरच्या बाहीनेच पुसत राहिल्या.

त्या स्टुटगार्टला गेल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी मी फोन केला. कितीतरी वेळ लाइन बिझी. लागला तेव्हा मावशींना धाप लागली होती.

"बरं वाटत नाही का, मावशी?"

"अरे, राइनर होता! दर रविवारी फोन करतो. मागची सीट म्हणजे म्हणे माणुसकीवरचा डाग आहे. तासभर शिव्या घातल्या मेल्यानं."

"मग? तुम्ही काय केलंत?"

"भांडले! दुसरं काय करणार?" त्यांचा आवाज खणखणीत होता. "निखिल दार लावून आत बसलाय. बरं, ठेवते रे. परत त्याचाच फोन येतोय. गिअरला नावं ठेवायची राहून गेली होती त्याची."